हाताने आवळलेला नट

मी एक जुनी, जेमतेम दोन माणसांची विलायती मोटार आहे. मित्रांनो, कोपरगावात मला झपाटलेली म्हणतात. म्हणोत बापडे! माझ्यात भूत नाही, हे आधीच सांगून टाकते. पण एक दुपार मात्र माझा पिच्छा सोडत नाही, आणि ती तुम्हाला ऐकवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

साखर कारखान्यावर आलेल्या एका गोऱ्या इंजिनिअरबरोबर मी बोटीने इकडे आले. तो परत जाताना मला मार्तंड वकिलांनी घेतले. लाल रंग, उघडे छत आणि बुटकी अंगकाठी. मी बाजारपेठेतून निघाले की उसाच्या गाड्या हाकणारे कासरा ओढून माझ्याकडे बघत राहत. वकीलसाहेब रोज सकाळी मला स्वतः पुसत. त्यांच्या पत्नी सुचित्राबाई म्हणत, "माझ्यापेक्षा हिचंच कौतुक जास्त." मी तेव्हा फार भाव खात असे, खोटे कशाला बोलू?

पुढे वयाप्रमाणे माझे स्टिअरिंग सैल झाले. ते चांगले चार बोटे फिरवावे, तेव्हा कुठे चाकांना खबर लागे. सरळ रस्त्यावरही मी जरा इकडे, जरा तिकडे जाऊ लागले. १९७० साली, दसऱ्याच्या तोंडावर, वकीलसाहेबांनी मला कानिफनाथ मिस्त्रीकडे सोडले. त्याचा हात ट्रॅक्टरवर बसलेला, पण माणूस कसबी. पुढची चाके वळवणाऱ्या दांड्याचा सांधा झिजला आहे, हे त्याने बरोबर ओळखले आणि नवा सांधा बसवला. त्यामागचा चेकनट तेवढा पान्याने आवळायचा राहिला. सांधा आपल्या आट्यांत खेळू नये म्हणून हा नट घट्ट लागतो.

पण त्या दिवशी खंडेनवमी होती. कानिफनाथच्या आईने, केशरबाईंनी, सगळी हत्यारे धुऊन पाटावर मांडली होती. त्यांना हळदकुंकू लागले होते, झेंडू वाहिला होता. पूजेतले हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचे नाही, असा त्यांच्याकडे रिवाज. शेजाऱ्याचा पाना आणावा, तर गावभर सगळेच पाने पूजेत.

दुपारी वकीलसाहेब आले. त्यांना दसऱ्यासाठी बहिणीकडे बेलापूरला जायचे होते. घरी घट बसले होते म्हणून सुचित्राबाई मागे राहणार होत्या.

"साहेब, एक नट हातानं आवळलाय," कानिफनाथ म्हणाला. "पाने पुजंला बसल्यात. उंद्या आवळतो, उंद्याच जावा."

"एका नटानं काय होतंय? परत आलो की आवळ," साहेब हसत म्हणाले.

त्याने फार आग्रह केला नाही. दोघांनाही वाटले, एवढे तर चालून जाईल.

रस्त्याच्या खड्ड्यांनी तो नट हळूहळू सुटत गेला. मला ते कळत होते. श्रीरामपूरच्या अलीकडे तर मी पुन्हा झोकांड्या खाऊ लागले. कालव्याजवळ समोरून बन्सी नावाच्या गाडीवानाची बैलगाडी आली. साहेबांनी स्टिअरिंग वळवले आणि माझी चाके क्षणभर वळलीच नाहीत. तो क्षण मी आजही मोजते. मग आम्ही दोघे तुडुंब भरलेल्या कालव्यात गेलो. दोरखंड लावून मला तेवढे वर काढता आले. साहेब गेले ते गेलेच.

बन्सी वाईट माणूस नव्हता. त्याने दिसले ते सांगितले, "मोटार झिंगल्यावानी येत हुती." झाले! सणाचे दिवस, पैसेवाला वकील, लोकांनी उरलेले आपल्या पदरचे घातले. प्यायला होता, असे ठरून गेले.

मी तीन वर्षे परसात उभी राहिले. माझे पोचे निघाले, इंजिनही धुऊन चालू झाले, पण खालचे सांधे कुणी पाहिले नाहीत. शेवटी सुचित्राबाईंनी मला विकायचे ठरवले. एक गिऱ्हाईक मला घेऊन फेरी मारून आले आणि पांढरेफटक पडून म्हणाले, "ष्टेरिंग माज्या हातात, पन गाडी दुसरंच कुनीतरी चालवतंय." दुसऱ्या दिवशी कुणीतरी माझ्या पुढच्या दांडीला काळी बाहुली बांधली.

मग सुचित्राबाईंनी कानिफनाथला बोलावले. तो माझ्याकडे न बघताच आत आला.

"वैनी, साहेबांच्या जागी बसा," तो म्हणाला. "ष्टेरिंग जरा डावीकडं, जरा उजवीकडं हलवत ऱ्हावा. लई न्हाई."

त्या जागी बसायला त्यांना वेळ लागला. खाली निजून तो एकेका सांध्यावर तळहात ठेवत गेला. पहिला सांधा चांगला होता. दुसराही. तिसऱ्यावर त्याचा हात थांबला. चेकनट पार मागे सरकला होता, आटे झिजून गेले होते.

"वैनी," तो खालूनच बोलला, "साहेब प्यालं नव्हतं. गाडी झिंगत हुती. ह्यो नट माज्या हातनं ऱ्हायला हुता. मला तवाच शंका आल्ती, पर बघायचं धाडस झालं न्हाई."

सुचित्राबाईंनी स्टिअरिंग सोडले नाही. "लोकांचं जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा तेच खरं मानलं होतं." आणि त्या मोठ्याने रडू लागल्या.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "कानिफनाथ, हे मला सांगून भागणार नाही." त्याने मान डोलावली. सोमवारच्या बाजारात उभे राहून त्याने स्वतःची चूक चारचौघांत सांगितली. काहींनी ऐकले, काही मला अजून झपाटलेलीच म्हणतात.

आता माझे स्टिअरिंग सरळ आहे. बोट लावले की चाके ऐकतात. ज्यांचे ऐकायला हवे होते, ते मात्र नाहीत.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, आम्हाला ती आवडते. पण आधी हातातले काम पुरे करा. आणि एखादी गाडी भरकटली, तर माणसाला बोल लावण्याआधी तिच्याखाली एकदा वाकून बघा. मी परसात उघडीच उभी होते. कुणी वाकले असते, तर सुचित्राबाईंना आपल्या नवऱ्यासाठी रडायला तीन वर्षे थांबावे लागले नसते.