ब्रेकची हवा आणि माणिकरावांचा पाय

मित्रांनो, हिंगोलीकडच्या गोरेगावात गोठ्यामागे जिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात, ती म्हातारी जीप मीच. लढाईसाठी परमुलखात घडले, लढाई संपल्यावर लिलावात माणिकरावांनी मला घेतलं. त्यांच्या कारभारणीने, मंजुळाबाईंनी, मला हळदकुंकू लावलं. माणिकरावांनी मात्र आधी माझी चाकं मोजली आणि मग ड्रायव्हर थावराकडे रोखून बघितलं. संशय हा त्यांचा जुना आजार.

थावरा तांड्यावरचा. मिलिटरीच्या डेपोत गाड्या शिकलेला. त्याचा हात लागला की मला बरं वाटायचं.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात कयाधू नदीच्या उतारावर माझा ब्रेक लागलाच नाही. पायडल थेट तळाला गेलं. थावराने मला बांधाच्या मातीत घातलं म्हणून सगळे वाचले. माणिकराव उतरले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "कुणी शिकवून धाडलं रं तुला?"

"मालक, आतलं रबर फाटलं. तेल गळालं अन् नळीत हवा शिरली."

"हवा? उद्या सांजेपस्तोर ब्रेक बराबर झाला न्हाई, तर समद्या गावाला सांगीन, थावरा माझ्या जिवावर उठला म्हणून."

तशी बोंब झाली असती, तर थावराला कुणी बैलगाडीही हाकायला दिली नसती.

दुसऱ्या दिवशी त्याने नवं रबर घातलं आणि हवा काढायला घेतली. हे काम दोघांचं. एकाने वर पायडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागचा बारीक नट सैल करायचा. तेलाबरोबर बुडबुडे बाहेर पडतात. नट पुन्हा आवळेपर्यंत वरचा पाय हलता कामा नये, नाहीतर हवा परत आत. माणिकराव म्हणाले, पायडलवर मीच बसणार. दुसऱ्या कुणाचा काय भरवसा?

"दाबा मालक. धरा."

थावराने नट सैल केला आणि माणिकरावांना राहवेना. हा खाली काय करतोय ते बघायला ते वाकले, तसा पाय उचलला गेला. सुर्रकन हवा माझ्या नळीत. पुन्हा दाबा, पुन्हा धरा, पुन्हा यांची मान खाली. दुपार टळली तरी पायडल मळलेल्या पिठासारखं मऊच.

"मुद्दाम करून राहिला तू," माणिकराव म्हणाले. मला बोलता येत नाही, याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं.

शेवटी मंजुळाबाई ओसरीवरून उतरल्या. "अहो, तुमी खाली त्याच्याजवळ बसा अन् डोळे फाडून बघा. वर मी बसते."

पदर खोचून त्या बसल्या. थावरा धरा म्हणाला, त्यांनी धरलं. सोडा म्हणाला, तेव्हाच सोडलं. दिवस मावळायच्या आत चारही चाकं झाली आणि पायडल टणक लागलं. खाली बसलेल्या माणिकरावांना चूक कुणाच्या पायाची होती ते कळलं.

"उद्या हिंगोलीला जायचंय. लवकर ये," एवढंच म्हणाले.

थावराने हात पुसले. "ब्रेक बराबर हाय, मालक. दुसरा ड्रायव्हर बघा."

गावात बोंब झाली नाही. मंजुळाबाईंनी होऊ दिली नाही. दुसरे ड्रायव्हर आले, संशयाला कंटाळून गेले. मग मला हाकणारं कुणी उरलं नाही.

मित्रांनो, गाडीला जपा. तेल बघत जा, रबरं वेळेवर बदला. आणि तुमच्या भरवशावर कुणी गाडीखाली शिरला असेल, तर तो सोडा म्हणेपर्यंत पाय उचलू नका.