मधोमध कापलेली पानं

वडिलांच्या मृत्यूनंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, त्याच्या दुसऱ्या दिवशी संघरत्ना त्यांचं शेवटचं काम पोचवायला धामणकर नाक्यावरून रिक्षाने जवळच्या पूर्णा गावी निघाली. मांडीवर मांजरपाटात गुंडाळलेलं जुनं गीतपुस्तक होतं. विद्यापीठाच्या ग्रंथालयाची इमारत दुरुस्तीला काढल्यापासून ख्रिस्ती गीतपुस्तकांचा संग्रह तिथल्या एका गोदामात ठेवला होता. तिचे वडील मिलिंद त्या संग्रहाचे बाइंडर. आजारपणात हे एक पुस्तक ते रीतसर सही करून कामतघरला घरी घेऊन आले होते.

"कुणा नतद्रष्टाने ब्लेड चालवलंय बघ. पान न् पान मधोमध कापलंय," ते म्हणाले होते.

मग चार महिने, दम लागायचा तरी, गव्हाची खळ शिजवून, पातळ कागदाच्या पट्ट्या लावून त्यांनी एकेक पान सांधलं. आई करवादायची, "औषधाला उठवत न्हाय तुम्हाला, खळीला बरं उठवतं!"

संग्रह सांभाळणाऱ्या मृणाली मॅडमनी पुस्तक उघडलं. चार पानं उलटली आणि त्या थांबल्या.

"काय झालं?"

"बस ना आधी."

"सांगा, मॅडम."

"ही पानं कुणी कापली नव्हती गं. पुस्तक तसंच बांधलेलं होतं. वरच्या अर्ध्यात चालींची स्वरलिपी, खालच्यात शब्द. हवी ती चाल हव्या त्या गीतासमोर आणता यावी, म्हणून दोन्ही अर्धी वेगवेगळी उलटायची." त्यांचा आवाज उतरला. "मिलिंददादांना हे मी सांगायला हवं होतं. राहून गेलं."

संघरत्नाने पानावरून नख फिरवलं. सांधा लागतच नव्हता, इतका साफ.

"म्हणजे बाबांनी पुस्तक बिघडवलं."

"असं नको म्हणूस. मुंबईहून कुणाला तरी बोलावते मी सोडवायला."

"नको. बाहेरच्या कुणी बाबांची चूक मोजत बसायला नको." तिने पुस्तक स्वतःकडे ओढलं. "ते डिंक कधी वापरायचे नाहीत. म्हणायचे, आपण चिकटवलेलं मागून येणाऱ्याला सोडवता आलं पाहिजे. खळ पाण्याने सुटते. मला येतं."

तीन दिवस ती येत राहिली. टीपकागद भिजवायचा, पिळायचा, पट्टीवर ठेवायचा, थांबायचं, मग चिमट्याने पट्टी हलकेच उचलायची. ओली झाली की खळीचा आंबूस वास सुटायचा. घरी बाबांचा टॉवेल आईने अजून धुतला नव्हता, त्यालाही हाच वास होता.

चौथ्या दिवशी शेवटचं पान आलं. त्यावरची पट्टी वाकडी होती, कडेला सुरकुतलेली. उभ्या जन्मात बाबांनी अशी पट्टी लावली नव्हती; ही अगदी शेवटच्या दिवसांतली.

"ही एक राहू दे हवं तर," मृणाली मॅडम म्हणाल्या. "मी नोंदीत लिहून ठेवीन तसं."

संघरत्नाने नकारार्थी मान हलवली. टीपकागद भिजवला, पिळला, पट्टीवर ठेवला आणि त्यावर तळहात दाबून ती बसून राहिली. खळ सुटायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ.