गॅस्केटच्या पुढचा फोटो

कारखान्यातून सीडींची खोकी आली, तेव्हा धाकटी खुशीत होती. सुट्ट्या भागांचा हा कॅटलॉग तिनेच जुळवला होता. आता तो दुकानादुकानांत वाटायचा, की काम संपलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सहज म्हणून तिने एक सीडी कॉम्प्युटरात सारली आणि फोटो पुढे ढकलत गेली. क्लचप्लेट, बेअरिंग, गॅस्केट. गॅस्केटच्या पुढे ताई.

नव्या खोलीच्या गॅलरीत, ओल्या केसांनी, हसणारी ताई. खाली औषधाच्या दुकानाची पाटी, रस्त्याच्या नावासकट.

कॅमेरा ऑफिसचा होता. सुट्टीत ताईचे फोटो काढले, दुसऱ्या दिवशी भागांचे, आणि सगळे एकाच फोल्डरमध्ये ओतले. ताई नवऱ्याचा मार चुकवून पळाली होती. तिचा पत्ता आईलाही सांगितला नव्हता, कारण आईच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि भाऊजी कामाला होते ते सुट्ट्या भागांच्याच दुकानात.

ती मालकांच्या केबिनमध्ये गेली. "या सीडी वाटू नका."

"का? चालत नाहीत?"

"चालतात. तीच तर भीती आहे."

सगळं ऐकून मालकांनी कपाळाला हात लावला. "अगं, तुझ्या मास्टरवरून, म्हणजे मूळ सीडीवरून, काच बनते, काचेवरून धातूचा साचा, आणि साच्यावरून या. सीडी काय, पैशाला पासरी निघते. महाग असतो तो साचा! तो बाद केला तर या कामात मलाच पदरचे घालावे लागतील."

"माझ्या पगारातून कापा."

"तुझ्या पगारात साच्याची कडसुद्धा यायची नाही."

तिने पडद्याकडे बोट दाखवलं. "मालक, तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. जन्मापासून नव्हे. लग्नापासून."

मालक फोटोकडे बघत राहिले. मग त्यांनी गोदामाला फोन लावला, ऐकलं आणि रिसीव्हर हळूच ठेवला. "बाहेरगावची खोकी थांबवली. गावातली सकाळीच पोचती झाली."

धाकटीने ताईचा नंबर फिरवला.

"ताई, आत्ताच्या आत्ता खोली सोड."

"त्यांना कळलं?"

"माहीत नाही. पण कळेल."

"कुकर लावलाय गं मी."

"बंद कर आणि नीघ!"

"कुठे जाऊ?"

याचा धाकटीने विचारच केला नव्हता. मालकांनी तिच्या हातातून फोन घेतला. "ताई, माझ्या घरी या. बायको घरीच आहे." आणि त्यांनी पत्ता सांगितला, दोनदा, ताईच्या चांगल्या कानाला नीट पोचेल असा.

मग दोघं गाडीतून भाऊजींच्या दुकानाकडे निघाले. धाकटीला भाऊजी ओळखायचे, म्हणून ती मागच्या सीटवर अंग चोरून बसली. काचेतून काउंटर दिसत होता. भाऊजी कुणाला तरी बोल्ट मोजून देत होते, अगदी शांतपणे. ताटात मीठ कमी पडलं की असेच शांत व्हायचे ते, असं ताई सांगायची.

मालक दुकानात गेले आणि परतले ते सीडीचं पाकीट घेऊन. पाकीट फोडलेलं होतं.

"मी म्हटलं, चुकीची प्रत आलीय, परत द्या. त्यानं दिली."

"काही बोलले?"

मालकांनी चावी लावली, पण गाडी चालू केली नाही. "हसला. म्हणाला, फोटो मात्र झकास आलेत."

त्या संध्याकाळी ताईच्या घरमालकिणीचा फोन आला. कुलूप तुटलंय, गाद्या फाडल्यात, तुम्ही आहात तरी कुठे? ताई मालकांच्या स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून बसली होती. तिने फोन ठेवला आणि मालकांच्या बायकोने दिलेला चहा एका दमात प्यायली. रडली नाही. तिच्याऐवजी धाकटीच रडली.

साचा नवा करावा लागला. मालक आठवडाभर कुरकुरले, पण ताईला जा म्हणाले नाहीत. धाकटीने नव्या मास्टरचा एकेक फोटो डोळ्यांत तेल घालून पाहिला. जुन्या सीडी तिने स्वतः मोडल्या. तरी गावातल्या दुकानांतून सगळ्या परत आल्या नव्हत्या. काही कुठेतरी पडल्या असतील, कुणाच्या तरी खणात, आणि त्यांत ताई अजून हसत उभी असेल.