नारिंगी खुर्ची

बस-कंपनीच्या ऑफिसात तपासनीस म्हणून त्याचा दबदबा होता. अपंगांना बसमध्ये चढता येतं की नाही, हे ठरवणारा तो एकटाच माणूस. रॅम्पचा उतार, दाराची रुंदी, पदपथाच्या कडेची उंची, सगळं तो टेप लावून मोजायचा, आणि टेपवर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. टेप खोटं बोलत नाही, असं तो उठता-बसता म्हणायचा. ते खरंही होतं, पण टेपला कोणी काही विचारलं तरच ती बोलते, एवढं त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

तपासणीसाठी ऑफिसची एक चाकांची खुर्ची होती, झळझळीत नारिंगी रंगाची. तिच्यात बसायला एक धडधाकट, गोलमटोल कारकून नेमलेला होता. ऑफिसात सगळे त्याला 'प्रवासी' म्हणत. थांब्यावर प्रवासी खुर्चीत बसायचा, बस यायची, अगदी कडेला चिकटून उभी राहायची, ड्रायव्हर लगबगीने उतरून हुकाने रॅम्प उघडायचा आणि प्रवासी राजासारखा आत जायचा. पुढच्या थांब्यावर उतरला की खुर्चीतून उठून चहाच्या टपरीकडे चालू लागायचा. बघणाऱ्यांचे डोळे पांढरे व्हायचे. वर्षानुवर्षं तपासणी अशीच चालली होती आणि शेरा ठरलेला होता : समाधानकारक.

तपासनिसाच्या घरी त्याची मोठी बहीण होती. आई-वडील गेल्यापासून तळमजल्याच्या दोन खोल्यांत ही दोघंच राहत. ताई लहानपणापासून चाकांच्या खुर्चीत होती, आणि हातांत तिच्या जादू होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला दातांच्या लॅबमध्ये ती कवळ्या बनवायची. मेणात एकेक दात असा बसवायची की म्हातारी माणसं पुन्हा तोंडभर हसू लागायची. "अर्धं गाव माझ्या दातांनी जेवतं," असं ती मोठ्या तोऱ्यात सांगायची.

मात्र तिला रोज उशीर व्हायचा. बस थांबत नाहीत, ती म्हणायची. बघून न बघितल्यासारखं करतात, नाहीतर मागच्या गाडीने या म्हणून हात करतात. तो ऐकून घ्यायचा आणि समजुतीच्या सुरात म्हणायचा, "ताई, तो मार्ग मी स्वतः तपासलाय. तू हात नीट दाखवत नसशील. जरा लवकर निघत जा." ती लवकर निघू लागली, मग त्याहून लवकर. शेवटी लॅबच्या मालकीणबाईंनी तिला नारळ दिला, तेव्हाही तिने आकांडतांडव केलं नाही. हत्यारांचा डबा कपाटात वर ठेवायला तिने त्याला सांगितलं, कारण तिचा हात तिथे पोचत नव्हता. त्यानंतर बसचा विषय तिने घरात काढला नाही, आणि मिटलं एकदाचं असं त्याला वाटलं.

असेच बरेच महिने गेले. मग एक दिवस मालकीणबाईंचा फोन आला. कामाला हात कमी पडत होते. उद्या तीन वाजता ये, त्या म्हणाल्या, पण वेळेवर येऊन दाखव, नाहीतर दुसरी एक मुलगी तयारच आहे. त्या रात्री ताई जेवताना गाणं गुणगुणत होती. डबा तिने त्याला खाली काढायला लावला आणि एकेक हत्यार पुसून ठेवलं. उद्या मीच तुला टॅक्सीने नेतो, त्याने आपणहून सांगितलं.

सकाळी ऑफिसात कळलं की नारिंगी खुर्चीच्या चाकाचं बेअरिंग गेलंय. दुरुस्तीला दोन दिवस लागणार, आणि वार्षिक तपासणीचा शेवटचा मार्ग तर आजच उरकायचा होता. मार्ग ताईचाच, घराजवळच्या थांब्यावरून निघणारा. तो घरी आला तेव्हा ताई तयार होऊन बसली होती. त्याने तिची खुर्ची मागितली. दोन थांब्यांचं तर काम, जेवायच्या आत आणतो, तो म्हणाला.

तिने चाकावर हात ठेवला. मग म्हणाली, "नक्की आणशील ना? माझे पाय घेऊन चाललायस तू."

"अगं, हा गेलो आणि हा आलो."

त्याने तिला उचलून खिडकीजवळच्या कोचावर बसवलं, पाण्याचा तांब्या, फोन आणि हत्यारांचा डबा हाताशी ठेवला, आणि तिची ती काळी, जुनी, पाठीला कापडी पिशवी लटकवलेली खुर्ची ढकलत तो थांब्यावर गेला. तपासणी सुरू झाली की फोन बंद ठेवायचा, हा नियम त्यानेच केलेला होता. त्याने तो पाळला.

प्रवासी खुर्चीत बसला. बस आली आणि न थांबता निघून गेली. ड्रायव्हर नवा असेल, तपासनीस म्हणाला. दुसऱ्या बसच्या ड्रायव्हरने लांबूनच मागे बोट दाखवलं, म्हणजे मागच्या गाडीने या. बसच्या मागे मात्र नुसती धूळ होती.

प्रवाशाने कान खाजवला. "साहेब, रागावू नका. ते आपल्याला नाही ओळखत, खुर्चीला ओळखतात. नारिंगी दिसली की साहेबांची खुर्ची आली म्हणून ब्रेक मारतात. अख्ख्या डेपोला माहितेय."

"आणि तुम्हाला?"

"मला वाटलं, तुम्हालाही असेल."

इतकी वर्षं तपासनिसाने तपासली ती बस नव्हतीच, तपासला तो एक रंग. आणि त्या रंगाच्या भरवशावर त्याने सख्ख्या बहिणीला खोटं पाडलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेबरोबर संतापही आला. त्याने प्रवाशाला उठवलं, रस्त्यापलीकडे जाऊन उभं राहायला सांगितलं आणि तो स्वतः ताईच्या खुर्चीत बसला.

बसल्यावर जग कमरेएवढ्या उंचीचं झालं. रांगेतल्या एका माणसाने कठड्यावर टेकावा तसा खुर्चीच्या पाठीवर हात टेकला आणि फोनवर खुशाल गप्पा मारत राहिला. एक बस कडेपासून लांब, रस्त्याच्या मध्यावर उभी राहिली, माणसं धावत जाऊन चढली आणि ती निघून गेली. पुढची थांबली, पण रॅम्प अडकलाय, असं ड्रायव्हरने जागेवरून न उठताच सांगितलं. तोच रॅम्प आठवड्यापूर्वी डेपोत लोण्यासारखा उघडला होता. दारातल्या बाईने उशीर होतोय म्हणून चुकचुक केली, आणि ती त्याच्याकडे बघून केली.

खिशातलं ओळखपत्र नुसतं दाखवलं असतं तर ड्रायव्हर उडी मारून उतरला असता. त्याने दाखवलं नाही. प्रवासी रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, साहेब, पुरे झालं, उठा, उन्हाने करपाल, ताईंची खुर्ची पण परत करायचीय ना.

"तिला उठता येतं का?" तो खेकसला. "मग मी का उठू?"

प्रवासी बिचारा परत रस्त्यापलीकडे गेला. आपण ताईसाठी काहीतरी मोठं करतोय, अशा गुर्मीत तपासनीस होता. आज रात्री तिला सगळं सांगायचं, नवा अहवाल लिहायचा, साऱ्या डेपोला फैलावर घ्यायचं, असे मनातल्या मनात इमले चढत होते. ऊन कलत होतं, ते त्याला दिसत नव्हतं.

अखेर एक बस थांबली. ड्रायव्हर बाई होती. ती मुकाट्याने उतरली, दोन झटके देऊन रॅम्प उघडला, खुर्ची आत ढकलली आणि ब्रेक लागलाय ना हे वाकून पाहिलं. त्याला भरून आलं. आता पूर्ण मार्ग करायचाच, ताई रोज जायची तिथवर जायचंच, असं ठरवून तो शेवटच्या थांब्यापर्यंत गेला. रॅम्पवरून खाली उतरला आणि समोर पाहिलं, तर दुकानाच्या पाटीवर पुरुषभर उंचीचा पांढरा दात रंगवलेला होता.

दातांची लॅब. तीन वाजता.

तो खुर्चीतून ताडकन उठला. रस्त्यावरचे लोक वळून बघू लागले. त्याने फोन चालू केला. स्क्रीनवर ताईचे कॉल पार खालपर्यंत होते आणि शेवटचा येऊन बराच वेळ झाला होता.

खुर्ची ढकलत तो आत शिरला. मालकीणबाईंनी आधी पिशवीकडे पाहिलं, मग चष्मा कपाळावर सरकवला. "ही तर तिची खुर्ची."

मी तिचा भाऊ, तो म्हणाला, आणि चूक माझी आहे.

"फोन आला होता तिचा," मालकीणबाई म्हणाल्या. "भाऊ खुर्ची घेऊन गेलाय म्हणाली. मी म्हटलं, बसचं कारण जुनं झालं म्हणून नवीन काढलंस वाटतं. असं बोलायला नको होतं मी." आतल्या टेबलाशी एक मुलगी मान खाली घालून मेण तापवत होती. तिला शब्द देऊन झाला होता, मालकीणबाई म्हणाल्या, आता मागे कसा घेणार?

टॅक्सीत खुर्ची मागे दुमडून ठेवली होती आणि तो पुढे बसला होता. काय बोलायचं ते तो जुळवत होता. जुळत काहीच नव्हतं.

घरात दिवा लागला नव्हता, कारण बटण कोचापासून लांब होतं. ताई सकाळी बसवली तिथेच बसलेली होती. इस्त्रीचे कपडे, केस नीट बांधलेले, हत्यारांचा डबा मांडीवर. तांब्यातलं पाणी तिने प्यायलं नव्हतं. प्यायलं असतं, तर बाथरूमपर्यंत नेणार कोण?

त्याने दिवा लावला, खुर्ची कोचाला लावून उभी केली, ब्रेक ओढला. मग तिथेच जमिनीवर बसला. ती ओरडेल, रडेल, डबा फेकून मारेल, याची तो वाट पाहत होता. तिने काहीच केलं नाही. त्याचा उन्हाने रापलेला चेहरा ती बराच वेळ बघत राहिली.

"बस थांबली नाही का रे?" तिने विचारलं.

आवाजात टोमणा नव्हता, काळजी होती. ती रोज दमून उशिरा घरी यायची, तेव्हा हा एवढा साधा प्रश्न त्याने तिला एकदाही विचारला नव्हता.

"नाही थांबली, ताई," तो म्हणाला.

तिने डबा त्याच्याकडे दिला. "वर ठेवून दे," ती म्हणाली, "आणि मला आधी खुर्चीत बसव."