जेवणानंतरचं ऊन

मित्रांनो, हसू नका हं! मी एक जुना कंदील आहे. काच तडकलीय, कडी वाकडी झालीय. पण एकेकाळी मी थेट बेळगावच्या कोर्टात गेलो होतो!

निपाणीच्या बाजारातून मला ब्राह्मीआक्कांनी घरी आणलं. घर जैन शेतकऱ्याचं. दिवस मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं उरकायची, भांडी घासून पालथी पडायची, आणि मगच मी पेटायचो. भाकरी कशी दिसते, ते मला ठाऊकच नव्हतं!

एका रात्री समोरची तंबाखूची वखार जळाली. काकतीहून हमालीला आलेल्या भरमावर आळ आला. तो तर दिवेलागणीलाच बैलगाडीतून गावी निघाला होता. गाडीवान शामूनं तसं सांगितलंही. पण आक्का साक्षीत म्हणाल्या, "आमची जेवणं झाल्यावर भरमा वखारीकडं जाताना दिसला."

कोर्टातले साहेब परगावचे. जेवण झालं म्हणजे रात्र, असं त्यांनी धरलं. शामू खोटा ठरला आणि भरमा सक्तमजुरीला हिंडलग्याच्या तुरुंगात गेला.

त्याच्या आईनं, मालुबाईनं, अपिलासाठी वकील गाठला. मग आमच्या दारात येऊन ती कडाडली, "आक्का, तुझ्या जेवणानं माझं लेकरू आत घातलं गं!"

आक्का रडवेल्या झाल्या. "मी खोटं न्हाय बोलले. उन्हात मला बघून हसला की त्यो!"

"जेवल्यावर ऊन कुठलं?"

"आमच्यात दिस बुडायच्या आत जेवत्यात."

"अगं बया! मग कोर्टात का न्हाय सांगितलंस?"

"कुणी इचारलंच न्हाय!"

मालुबाईनं एका हातानं आक्कांना धरलं, दुसऱ्या हातानं मला उचललं. "चल. ह्यो बी साक्षीदार हाय!"

वकिलांच्या विनंतीवरून जजसाहेबांनी आक्कांची साक्ष पुन्हा घेतली.

"बाई, जेवताना कंदील लावला होता?" वकिलांनी विचारलं.

"कंदील? जेवताना? आमच्यात न्हाय चालत, सायेब!"

सगळं कोर्ट हसलं. जजसाहेब मात्र हसले नाहीत. उन्हात दिसलेला भरमा दिवेलागणीला शामूच्या गाडीत, आणि आग रात्री! शिक्षा रद्द झाली.

सुटल्यावर भरमा आक्कांना भेटायला आला, तेव्हा दिवस मावळला होता. आक्कांनी पुन्हा चूल पेटवली, सोप्यावर त्याला ताट वाढलं आणि मला शेजारी ठेवलं.

"आक्का, तुमच्यात चालतंय?"

"आमी न्हाय जेवत. तू जेव रं, उपाशी हाईस."

त्यानं पहिला घास उचलला. मी माझी ज्योत जराही हलू दिली नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा भाकरी पाहिली!

आता मी माळ्यावर धूळ खातो. मित्रांनो, कधीतरी माझी काच पुसा. आणि कुणावर आळ घेण्याआधी एवढं तरी विचारा: तेव्हा कंदील लागला होता का?