गुळाचा मधुमेह

मांडव फाटेल इतकी माणसं जमली होती. कसबा बावड्यातल्या त्या मोकळ्या प्लॉटवर एरवी म्हशी बसायच्या. त्या रविवारी तिथं सतरंज्या होत्या, कर्णे होते आणि पांढऱ्या सफारीतले ब्रदर आनंदराज होते. शहाण्णव साल असावं. आमच्या चर्चची मंडळी होतीच, पण गळ्यात माळ घातलेली, कपाळाला बुक्का लावलेली माणसंसुद्धा झाडून आली होती. दुखण्याला जात नसते.

"डॉक्टर काय म्हणतो? साखर जात नाही!" ब्रदर माइकवर ओरडले. "मी विचारतो, साखर आली कुठून? सैतानाकडून! मग सैतान जातो की नाही?"

"जातो!"

"मोठ्यानं! सैतान बहिरा आहे!"

बहिरा सैतान आणि कान गेले आमचे.

ब्रदरांच्या पुढ्यात टेबलावर स्पिरिटचा दिवा, काचेच्या नळ्या आणि निळ्या औषधाच्या बाटल्या मांडल्या होत्या. हे सामान मला अनोळखी नव्हतं. माझी लेक सालोमी तेव्हा अकरा वर्षांची. आठव्या वर्षी तिला मधुमेह निघाला. हिच्या अंगात इन्शुलिन तयारच होत नाही, सकाळ-संध्याकाळ टोचल्याशिवाय ही पोर जगायची नाही, असं राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलेलं. घरात फ्रिज नव्हता, म्हणून इन्शुलिनची बाटली मी ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवायची. रक्त तपासायच्या पट्ट्या परवडत नव्हत्या, म्हणून रोज सकाळी नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात पोरीच्या लघवीचे थेंब टाकायचे आणि तापवायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, विटकरी होत गेलं तर साखर वाढलेली.

माझा संसार असाच काटकसरीचा. साबणाचा उरलेला तुकडा नव्या वडीला चिकटवणारी बाई मी. जेवणाआधी देवाचे आभार मानते आणि जेवणानंतर उरलेलं झाकून ठेवते, दोन्ही मनापासून.

"सालोमी! कुठाय सालोमी?" ब्रदरांनी पुकारलं.

माझ्या सासूबाई बाळाबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, पोरीचा हात धरून पुढं गेल्या. सकाळी घरून भरून आणलेली लघवीची बाटली त्यांनी टेबलावर ठेवली. ब्रदरांनी एक निळी बाटली उचलली, नळीत औषध घेतलं, थेंब टाकले, तापवलं. विटकरी! सगळा मांडव हळहळला. मग पोरीच्या कपाळाला तेल, डोक्यावर हात आणि पत्रा वाजल्यासारखी प्रार्थना. ती संपल्यावर त्यांनी नवी नळी घेतली, दुसऱ्या बाटलीतलं औषध ओतलं, त्याच लघवीचे थेंब टाकले, परत तापवलं.

निळं. स्वच्छ निळं.

"हालेलूया!" मांडव उठून उभा राहिला. आत्याबाई रडत होत्या. सालोमी हसत होती, आणि अशी हसताना मी तिला तीन वर्षांत पाहिली नव्हती. मलाही हुंदका आला. आईला दुसरं काय पाहिजे असतं?

पाणी प्यायला नळावर गेले आणि भरलेला तांब्या तसाच खाली ठेवला. प्रार्थना झाली ती पोरीवर. बाटली भरली होती सकाळी, घरी. पोरगी बरी झाली असेल एक वेळ. पण अंगातनं कधीच बाहेर पडलेली, बाटलीतली लघवी कशी काय बरी झाली?

मालकांना, शमुवेलना, मी बाजूला घेऊन हेच विचारलं. शाहूपुरीत सुट्या भागांच्या दुकानात काम करणारा गरीब स्वभावाचा माणूस. त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "लीदिया, देवाच्या कामात हिशेब घालू नगंस. पोरगी हसतीया, बघ की."

तोवर ब्रदरांनी टोपली फिरवायला घेतली होती. "सुया टाका! ज्या घरात सुई, त्या घरात संशय. आणि ज्या घरात संशय, तिथून कृपा परत जाते. मग मला विचारू नका!"

बघा चलाखी. पोरगी बरी झाली तर ब्रदरांमुळं, बिघडली तर लीदियामुळं. एका वाक्यात त्यांनी मला माझ्याच घरात कोंडून टाकलं. टोपली पुढ्यात आली तेव्हा मी वाकडी झालेली जुनी सुई टाकली. चांगली सिरिंज टाकायला मी काय खुळी हाय? प्रत्येक घराला त्यांनी निळ्या औषधाची एकेक लहान बाटली दिली. "घरी तपासा, आपल्या डोळ्यांनी बघा! आणि मंगळवारच्या सभेत येऊन साक्ष द्या!"

सोमवारी सकाळी मी सिरिंज उकळून आणली, तर सालोमी आज्जीच्या मागं जाऊन उभी राहिली.

"आई, तू टोचलंस की साखर परत येणार. ब्रदर म्हणालेत."

"अगं बाळा, डॉक्टर..."

"मी बरी झालेय! तुलाच मी बरी व्हायला नकोय!"

काय सांगू, ही सुई कुठल्याही सुईपेक्षा खोल गेली. मी हात धरला तर ती किंचाळायला लागली. आत्याबाई मध्ये पडल्या, "लेकरावर जुलूम करतीस व्हय गं? माझ्या अंगावरनं जा आधी!" मालक दारात उभे राहून म्हणाले, "एक-दोन दिवस बघू की." चुलीशी मी, दाराशी नवरा आणि मधल्या खोलीत सासूच्या पदराआड माझं लेकरू.

मग तपासून दाखवायचं ठरवलं. माझ्या जुन्या बाटलीतलं औषध घेतलं, विटकरी. ब्रदरांच्या बाटलीतलं घेतलं, निळं. "बघा!" मी म्हटलं.

"काय बघा?" आत्याबाई म्हणाल्या. "तुझं औषध नासलंय."

त्यांनाही पटेल असं काहीतरी पाहिजे होतं. मी डब्यातली चिमूटभर साखर पाण्यात विरघळवली. म्हटलं, हे गोड आहे याबद्दल तरी कुणाचं दुमत नाही. दोन्ही औषधांत टाकली, तापवली. आणि दोन्ही नळ्या निळ्या राहिल्या! माझीसुद्धा!

आत्याबाईंनी टाळीच वाजवली. "आता गं? साखर घालूनबी दिसंना! तुझं औषध नासलंय म्हणत न्हवतो?"

खरंच मीच चुकत असेन काय? आधीच दारं बंद होती, त्यात मीच आतनं कडी घातली. दुपारपासून सालोमी तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती आणि परसात पळत होती. हे सुरुवातीचं लक्षण मला पाठ होतं.

शेजारच्या चाळीत क्रांतीताई राहायच्या. हायस्कुलात विज्ञान शिकवायच्या आणि देवाचं नाव काढलं की वाद घालायच्या. संध्याकाळी दोन्ही बाटल्या पदराखाली घेऊन मी त्यांच्याकडं गेले. सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"वहिनी, चहातली साखर घातलीस व्हय? या औषधाला ती साखर ओळखूच येत नाही. लघवीत उतरते ती साखर वेगळी. मधात असते, गुळात असते. गूळ आण."

कोल्हापुरात गूळ आणायला कुठं जावं लागतंय? त्यांच्याच फडताळातला खडा पाण्यात विरघळवला. माझ्या औषधात विटकरी गाळ आला. ब्रदरांचं औषध निळंच्या निळं.

"हे नुसतं मोरचुदाचं, निळे खडे विरघळवलेलं पाणी," क्रांतीताई म्हणाल्या. "खऱ्या औषधात मोरचुदाबरोबर सोडा असतो, तेव्हा रंग पालटतो. यात तू गुऱ्हाळ ओतलंस तरी ते निळंच राहणार."

"मग चला की, आमच्या घरात सांगा!"

"मी सांगितलं तर म्हणतील, देव न मानणारी बाई. मांडवात, त्यांच्याच टेबलावर, तूच दाखव."

घरी येऊन मालकांना सांगितलं. "उद्या ब्रदरांनाच विचारू," एवढंच ते बोलले. मंगळवारी उठल्या उठल्या सालोमीला उलटी झाली. तिच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास मारत होता. "सैतान बाहेर पडतोय," आत्याबाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज बारीक झाला होता. सुईचं नाव काढलं की पोरगी अजून हात आखडून घेत होती. पोरीला साक्ष द्यायला मांडवात न्यायचं ठरलेलंच होतं. मालकांनी तिला उचलून घेतलं. मी सिरिंज, इन्शुलिन आणि एक भरलेली बाटली पिशवीत घातली.

आमच्या प्रार्थनासभेत एक रीत असते. देवानं आपल्यासाठी काय केलं ते कुणीही उठून सांगावं; साक्ष द्यायला उभ्या राहिलेल्या माणसाला कुणी खाली बसवत नाही. मी उभी राहिले.

"मला साक्ष द्यायचीय! पण आधी या बाटलीवर प्रार्थना व्हावी. माझ्या जवळच्या एकाची हाय. साखर लई हाय त्याला."

ब्रदर खूश झाले. "आणा ताई! रोगी दूर असला तरी कृपा पोचते!"

एका बाटलीतलं औषध घेऊन त्यांनी तपासलं. विटकरी. "बघा, सैतान किती मुरलाय!" मग डोळे मिटून अशी प्रार्थना केली, की कर्णा शिट्टी मारायला लागला. दुसऱ्या बाटलीतलं औषध घेतलं. निळं!

"रोगी बरा झाला! नाव सांगा ताई, नाव!"

"गूळ," मी म्हटलं.

"काय?"

"गूळ, ब्रदर. ते गुळाचं पाणी हाय. तुम्ही गुळाचा मधुमेह बरा केला!"

मांडवात कुणीतरी खुदकन हसलं. मी टेबलाजवळ गेले आणि त्यांची पहिली बाटली उचलली. "आता प्रार्थना झालीया. याच बाटलीतल्या औषधानं परत तपासा. कृपा झाली असंल तर निळं येईल."

ब्रदर बाटली हिसकावायला आले. तेवढ्यात मालकांनी, आमच्या त्या गरीब माणसानं, पोरीला आत्याबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि ब्रदरांचा हात धरला. "तापवू द्या की तिला. भ्या कशाचं वाटतंय?"

मी तापवलं. विटकरी.

"एका बाटलीत खरं औषध, दुसरीत मोरचुदाचं पाणी," मी म्हणाले. "पहिल्यांदा खरं, प्रार्थनेनंतर मोरचूद. घरी वाटलं तेबी मोरचूदच. ज्याला पाहिजे त्यानं गूळ घालून बघावं. गुळाला गोडी न्हाय म्हणतंय ह्येंचं औषध!"

एक आजोबा उठले, "गूळ गोड न्हाय? आणि ह्ये कोल्हापुरात येऊन सांगतोय?" मग जो दंगा उसळला तो विचारू नका. ब्रदर जाता जाता ओरडले, "या बाईच्या अविश्वासानं सगळ्यांची कृपा गेली!" आणि खरं सांगते, माना डोलावणारी माणसं त्याही वेळी तिथं होती.

मी ते बघत नव्हते. मी सालोमीपुढं गुडघे टेकून बसले होते. पोर पांढरीफटक पडली होती, पण डोळे टेबलावरच्या विटकरी नळीवर होते.

"आई, मी बरी नाही झाले?"

"नाही गं माझे राणी. पण जगशील. हात दे."

तिनं हात पुढं केला आणि ओक्साबोक्शी रडली. मी टोचलं, आणि तशीच रिक्षात घालून राजारामपुरीला नेली. चार दिवस सलाइनवर होती. वाचली. आत्याबाई पलंगाच्या पायथ्याशी बसून राहायच्या. एकदाच म्हणाल्या, "लेकरू सुईला रडायचं, ते मला बघवत न्हवतं गं." मला त्यांचा राग आला होता, तो तिथं संपला.

त्या रविवारी मांडवात वडणग्याचे गणपतराव म्हणून एक शेतकरी होते, हे मला पुष्कळ नंतर कळलं. मंगळवारी ते आले नव्हते, त्यांना कुणी काही सांगितलं नाही. गोळ्या सोडून ते ब्रदरांच्या औषधानं घरी तपासत राहिले. पायाची जखम चिघळली, पाय कापला, मग माणूसही गेला. शेवटच्या दिवसापर्यंत त्यांची तपासणी निळी येत होती.

म्हणून सांगते, बायांनो आणि बाप्यांनो. मी आजही रोज प्रार्थना करते, आणि क्रांतीताईंशी त्यावरनं भांडतेसुद्धा. प्रार्थना करायची तर करा, पण औषध चालू ठेवून करा. चमत्कार खरा असेल तर तो तपासणीला भिणार नाही. आणि शंका घेतलीस तर लेकरू मरेल असं कुणी सांगितलं, तर त्याच घडीला शंका घ्या, मोठ्यानं घ्या, चारचौघांत घ्या. गणपतरावांच्या घरात ती घेणारं कुणी नव्हतं.