एकविसाव्या पानावरचं आलुबुखार

आमच्या डोंगरातल्या बायकांना लेखिकेचं नाव विचारा, एकीला सांगता येणार नाही. पण ‘बेकरीवाली’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. जिच्या प्रत्येक कादंबरीत नवऱ्याने सोडलेली बाई गावी परत येते, बेकरी काढते आणि पहिल्याच दिवशी सगळे पाव जाळते, ती. ‘गुरांच्या डॉक्टरवाली’ वेगळी. ‘सासूवाली’ आणखी वेगळी. तिच्या पुस्तकात प्रेम दोघं तरुण करतात, पण सगळी मजा सासूच खाऊन जाते.

मी ब्रेदा. वाचनालयाच्या पुस्तकांच्या बसवर असते. लोय्झे बस चालवतो आणि दाराजवळच्या कॉम्प्युटरवर नोंदी करतो. मी कपाटं सांभाळते आणि कुणी काय वाचावं ते सांगते. हसवणाऱ्या, रडवणाऱ्या प्रेमाच्या कादंबऱ्यांच्या बाबतीत तर माझा हात कुणी धरणार नाही, असा माझा समज होता. बाई बसची पायरी चढली की तिच्या तोंडाकडे बघून मी सांगायचे, “आज तुम्ही सासूवालीला घ्या. भांडण झालंय ना घरी?” बायका खूश, मी त्याहून खूश.

पोद्लाझ गावात आम्ही दर दुसऱ्या मंगळवारी आगीच्या बंबाच्या शेडसमोर थांबतो. तिथे माझी सगळ्यात लाडकी वाचक म्हणजे तेता युस्तिना. सगळं गाव तिला तेता, म्हणजे मावशीच, म्हणतं, भाची असो की नसो. ऐंशीची बाई. उभा जन्म शाळेत स्वयंपाकीण होती. नवरा गेल्यापासून गावाच्या खालच्या अंगाला, आलुबुखाराच्या झाडांमध्ये एकटी राहते. राहायची, म्हणायला हवं.

“काय देतेस?” ती विचारायची. “हसव मला, पण शेवटी थोडं नाक पुसायला लाव.”

“बेकरीवाली घ्या, तेता.”

“बघते.”

आणि मग ती जे करायची, ते सगळ्याच बायका करायच्या. कपाटातून पुस्तक काढायचं आणि थेट एकविसावं पान उघडायचं. तिथे खाली, कोपऱ्यात, प्रत्येकीची पेन्सिलीची खूण असायची. पोस्टमनची बायको फानी फुली काढायची. कुणाचा चांदणीचा आकार, कुणाची मांजर. तेता युस्तिनाचं आलुबुखार. आपली खूण दिसली की पुस्तक वाचलेलं, परत कपाटात. आमच्याकडे ही रीत माझ्या जन्माच्या आधीपासूनची आहे. एकविसावंच पान का, ते कुणाला ठाऊक नाही.

मला मात्र ह्या खुणांचा भयंकर राग. वाचनालयाचं पुस्तक आहे, तुमच्या बापाची भिंत नाही! एकेका एकविसाव्या पानावर अशी जत्रा भरलेली की खालची ओळ वाचता येऊ नये. किती वेळा सांगितलं, पाटी लावली. बायका पाटी वाचायच्या, मान डोलवायच्या आणि खूण काढायच्या.

ह्या जानेवारीत बस दुरुस्तीला गेली होती. पुस्तकं गोदामात माझ्यासमोर. मी खोडरबरांचा डबा घेऊन बसले आणि प्रेमाच्या कादंबऱ्यांचं अख्खं कपाट पुसून काढलं. फुल्या गेल्या, मांजरी गेल्या, आलुबुखारं गेली. कधी देठासकट, कधी बिनदेठाची. तेव्हा एवढंच मनात आलं की बाईला चित्र काढायची भारी हौस. संपलं तेव्हा मनगट दुखत होतं आणि मला इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू! लोय्झे म्हणाला, “बायका तुला फाडून खातील.” मी म्हटलं, “खाऊ देत. स्वच्छता शिकतील.”

बायका बोंबलल्याच. फानी म्हणाली, “अगं भवाने, आता वाचलेलं कसं ओळखायचं?” मी म्हटलं, “डोक्याने.” सगळ्या हसल्या. तेता युस्तिना हसली नाही. ती पुस्तक हातात घेऊन एकविसाव्या पानावर बोट फिरवत होती, बराच वेळ. मला वाटलं, रुसली. रुसू दे, म्हटलं. त्यानंतर परत आलेल्या पुस्तकात नवी खूण दिसली की तीही मी लगेच पुसायचे.

मग सप्टेंबरचा तो मंगळवार. तेता युस्तिनाची मुलगी मेत्का राजधानीतून आली होती आणि आईचा हात धरून बसमध्ये चढली. बाहेर फानी आणखी दोघींशी गप्पा मारत उभी. लोय्झे चाकात हवा बघायला खाली उतरलेला, म्हणून त्या दिवशी कॉम्प्युटरवर मी बसले होते. नेहमी तो बसतो, आणि पडद्यावर काय तांबडं-हिरवं येतं त्याकडे ढुंकून बघत नाही.

“हसव मला,” तेता म्हणाली.

“बेकरीवाली घ्या. नवीन आलंय तिचं, तळहाताएवढ्या गावातलं.” दुसरं काय बोलणार होते! ह्या बाईला बेकरीवाली आवडते, हे मला पाठ होतं.

तिने कपाटातून एक काढलं, एकविसावं पान उघडलं, कोरं दिसलं, माझ्यासमोर ठेवलं. ते नवीन नव्हतंच, जुनं होतं. मी नोंद करायला गेले तर पडद्यावर तांबडी ओळ. आधी नेलेलं. एप्रिलमध्ये. परत जूनमध्ये.

आणि माझी जीभ! कुणी सांगितलं होतं तिला वळवळायला?

“अहो तेता!” मी मोठ्याने म्हटलं, बाहेरच्यांनाही ऐकू जाईल असं. “तिसऱ्यांदा नेताय की हे! त्यातल्या बाप्याच्या प्रेमात पडलात की काय?”

बाहेर फानी खो खो हसली. मीही हसले. मेत्का हसली नाही.

“तिसऱ्यांदा?” ती म्हणाली.

“मला आवडतं ते,” तेता युस्तिना म्हणाली. “आवडलेलं पुस्तक माणूस परत वाचतं. तू नाही का एकच सिनेमा चारदा बघत?”

“बरोबर आहे, आई.” मेत्काचा आवाज अगदी मऊ झाला होता. “काय होतं गं शेवटी त्यात?”

“लग्न होतं. ह्यांच्यात लग्नच होतं.”

“कुणाशी?”

तेताने पुस्तक उघडलं. परत एकविसावं पान. परत तिथे बोट फिरवलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही हो. अंधारात जिन्याचा कठडा जिथे असायला हवा तिथे हात घालावा आणि कठडाच नसावा, तसं.

“इथे माझं होतं,” ती म्हणाली. “कुणी पुसलं?”

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. वर्षानुवर्षं ती बाई ‘बघते’ म्हणायची ते काय बघायची, ते तेव्हा कळलं. पुस्तक वाचलंय की नाही हे तिला आठवतच नव्हतं, कोण जाणे कधीपासून. ते आलुबुखार तिला सांगायचं. आणि ‘वाचतेय ना मी, बघ, वाचणाऱ्या बाईचं डोकं कुठे जातंय’ असं म्हणून ती मुलीला गप्प करायची. सगळ्या गावाला ठाऊक होतं, दोन वर्षं मेत्का तिला खालच्या शहरातल्या वृद्धाश्रमात चल म्हणत होती. दोन वर्षं ती पुस्तकं दाखवून घर राखत होती. आणि मी खोडरबर घेऊन बसले होते.

दुपारी पुढच्या गावचा थांबा उरकला तसं मी लोय्झेला म्हटलं, “बस वळव.”

“तिथे जाऊन काय करणार?”

“खोटं बोलणार.”

तेता युस्तिना स्वयंपाकघरात बसून आलुबुखारातल्या बिया काढत होती. बटाट्याच्या पिठात घालून उकडायचे गोळे करणार होती. हात सपासप चालत होते. मेत्का दाराशी उभी होती. डोळे सुजलेले.

“मी सांगायला आले,” मी म्हटलं, “आमचा कॉम्प्युटर बिघडलाय. कुणाच्याही नावावर काहीही दाखवतो. माझ्या नावावर ट्रॅक्टर दुरुस्तीचं पुस्तक दाखवलं परवा.”

“तुम्ही चांगल्या आहात,” मेत्का म्हणाली. “पण मी तिला विचारलं. दिवसभर विचारतेय. चूल बंद केली का, माझ्या मुलाचं नाव काय, बाबा कधी गेले. बाबा जेवायला कधी येणार, असं मलाच विचारलं तिने.”

मग मी खरं सांगितलं. खुणा मी पुसल्या, त्या होत्या म्हणून तेताचं निभत होतं, आता परत काढता येतील, थोडी वाट बघा, हिवाळा तरी इथे काढू द्या. मी भडाभडा बोलत होते, आणि मला वाटत होतं, आता ही बाई माझ्यावर ओरडणार. ओरडावं तिने. निदान एक थोबाडीत द्यावी.

तिने माझा हात धरला. “तुम्ही पुसलं म्हणून कळलं तरी. नाहीतर एखाद्या दिवशी घर पेटलं असतं. फार उपकार झाले तुमचे.”

उपकार! त्या शब्दाने जे मला झोडपलंय, ते कुठल्याही शिवीने झोडपलं नसतं. तेता युस्तिना मान खाली घालून बिया काढत होती. तिला ऐकू येत नव्हतं असं नाही.

निघताना तिने मला एक डबा दिला. गोळे होते, गरम. “बसमध्ये खा,” म्हणाली. “त्या चालवणाऱ्यालाही दे, वाळलाय.” लोय्झेने खाल्ले. माझ्या घशाखाली एक उतरला नाही.

ती महिन्याअखेरीला वृद्धाश्रमात गेली. पोद्लाझला बस गेली की आता फानी चढते आणि माझ्याकडे बघून तोंड फिरवते. एकदाच बोलली.

“नुसतं वाचलं म्हणून खूण नव्हती ती,” म्हणाली. “देठ असलं तर आवडलेलं. देठ नसलं तर टुकार. आम्ही सगळ्या तिचं आलुबुखार बघून पुस्तक घ्यायचो. तुला काय वाटलं, तुझं ऐकून घ्यायचो?”

हे ऐकून मला रडू आलं की राग आला, मी सांगू शकत नाही. दोन्ही आलं.

मी कॉम्प्युटरमधून तेताने आजवर नेलेली सगळी पुस्तकं शोधली. पेन्सिल घेऊन बसले आणि प्रत्येकाच्या एकविसाव्या पानावर आलुबुखार काढलं. लोय्झे लांबून बघत होता. देठाचं काय करायचं? कुठल्याला होतं, कुठल्याला नव्हतं, कोण सांगणार! ज्यांवर ते काढलेलं होतं, ती पानं मीच साफ केलेली. शेवटी मी सगळ्यांनाच देठ काढलं. वाटलं, म्हातारीला बरं वाटेल. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटत होतं.

वाचनालयाच्या साहेबांच्या मानगुटीवर बसून वृद्धाश्रमाच्या आवारात बसचा थांबा मंजूर करून घेतला. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा गेलो. बस पायऱ्यांपर्यंत जात नाही, म्हणून मी टोपलीत पुस्तकं भरून आत नेली. तेता खिडकीशी बसली होती. केस कुणीतरी छान विंचरलेले. शेजारी दुसरी एक आजी लोकर विणत होती.

“हसव मला,” तेता म्हणाली. मला बघून नाही, पुस्तकं बघून.

मी बेकरीवाली दिली. तिने एकविसावं पान उघडलं. दुसरं उघडलं. तिसरं. मला वाटलं, आता म्हणेल, हे वाचलंय मी. तेवढं एकदा म्हणावं, बस.

“ही आलुबुखारं कुणी काढली?”

“तुम्हीच, तेता.”

“मी?” तिने पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. “सगळ्यांना देठ? इतकी पुस्तकं कुणाला आवडतात? ह्यातली निम्मी टुकारच असणार. मी काय वेडी आहे?”

विणणाऱ्या आजीने मान वर केली. “कोण गं ही, युस्तिना? भाची का?”

तेता माझ्याकडे बघत राहिली. नाव ओठांवर येत नव्हतं, दिसत होतं मला. मी सांगायला तोंड उघडलं तर तिने हात वर केला.

“थांब, सांगू नकोस. मला माहितीये.” आणि तिचा चेहरा उजळला. “खोडरबरवाली!”

तिने ते जराही रागाने म्हटलं नाही. बेकरीवाली, सासूवाली म्हणायची ना, अगदी तसंच.

“चांगली असते का?” शेजारच्या आजीने विचारलं.

तेता युस्तिनाने थोडा विचार केला. मांडीवरचं पुस्तक मिटून तिने माझ्या टोपलीत परत ठेवलं.

“बाई वाईट नाही,” ती म्हणाली. “पण देठ नाही काढणार मी हिला.”